‘बाय’च्या पुढचे नाव

माध्यमिक शाळेच्या इंग्रजीचे कोणतेही मार्गदर्शक घ्या आणि पॅसिव्ह व्हॉइसचे प्रकरण उघडा. त्यात एक तक्ता बहुधा सापडेलच. डाव्या रकान्यात टेलिफोन, विजेचा दिवा, वाफेचे इंजिन, रेडिओ, पेनिसिलिन. उजव्या रकान्यात बेल, एडिसन, वॅट, मार्कोनी, फ्लेमिंग. मध्ये ‘वॉज इन्व्हेन्टेड बाय’ हे शब्द एकदाच छापलेले असतात. विद्यार्थ्याने रेघा जोडायच्या, पाच वाक्ये लिहायची, की झाला पॅसिव्ह व्हॉइस.

हा तक्ता शिक्षकांना आवडतो आणि त्याला कारणे आहेत. कर्म एकवचनी, काळ साधा भूतकाळ, क्रियापदाचे तिसरे रूप नियमित. ‘ब्रोकन’, ‘रिटन’, ‘टेकन’ यांची पाठांतराची कटकट नाही. शिवाय सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न आपोआप तयार होतात. विज्ञानाच्या तासाला इंग्रजी आणि इंग्रजीच्या तासाला विज्ञान, असा दुहेरी लाभ दिसतो. शब्दसंग्रहही वाढतो. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत हे सारे साधत असेल तर कोणाला नको आहे?

माझे म्हणणे असे की या तक्त्यातून इंग्रजीही नीट येत नाही आणि विज्ञानही नाही. गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच जागी बिघडतात. ती जागा म्हणजे ‘बाय’ हा छोटासा शब्द.

आधी भाषेचे पाहू. ‘बेल इन्व्हेन्टेड द टेलिफोन’ हे सरळ वाक्य आहे. त्याचे ‘द टेलिफोन वॉज इन्व्हेन्टेड बाय बेल’ केले तर नवे काय कळले? काहीच नाही. तीच माणसे, तीच वस्तू, फक्त शब्द दोन वाढले. मग इंग्रज माणूस हा उपद्व्याप का करतो, असा प्रश्न हुशार मुलाला पडतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. ‘परीक्षेत येते म्हणून’ हे उत्तर धरायचे नसेल, तर पॅसिव्ह कशासाठी असतो ते सांगावे लागेल. करणारा ठाऊक नसतो, किंवा सांगण्याची गरज नसते, किंवा करणारे इतके असतात की नावे घेण्यात अर्थ नसतो. अशा वेळी ज्याच्यावर क्रिया घडली त्याला पुढे आणायचे आणि कर्त्याला वाक्यातून सुट्टी द्यायची. हे पॅसिव्हचे मुख्य काम. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने १९२४ सालीच नमूद केले आहे की इंग्रजी लेखनातल्या बहुसंख्य पॅसिव्ह वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. कोणतेही इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन पहिल्या पानावर पेन्सिलीने खुणा करून पाहा, पडताळा लगेच येईल.

एक उदाहरण आपल्याच किनारपट्टीचे. ‘अ प्रिंटिंग प्रेस वॉज सेट अप इन गोवा इन १५५६.’ भारतातला हा पहिला छापखाना. वाक्य पूर्ण आहे, सुबक आहे, आणि त्यात ‘बाय’ नाही. जेझुइट पाद्र्यांनी तो आणला हे पुढच्या वाक्यात सांगता येईल, पण या वाक्याला काय हवे आहे? छापखाना, जागा आणि साल. आता या वाक्याचे ‘ॲक्टिव्ह करा’ असे म्हणा. विद्यार्थी ‘समबडी सेट अप अ प्रिंटिंग प्रेस’ असे काहीतरी लिहील आणि आपण त्याला गुण देऊ. आपण त्याला नेमके उलटे शिकवलेले असेल.

म्हणजे ज्या प्रयोगाचा गुण कर्ता वगळण्यात आहे, तो प्रयोग आपण कर्ता डकवून शिकवतो. पोहायला शिकवताना पाय तळाला टेकलेच पाहिजेत असा नियम करावा, त्यातला हा प्रकार.

‘बाय’ कधीच नको असे मात्र नव्हे. इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार माहिती शेवटी येते. कर्त्याबद्दल सांगण्यासारखे असेल तर तो शेवटी शोभतो. ‘द मोल्ड वॉज नोटिस्ड बाय अ डॉक्टर हू हॅड जस्ट कम बॅक फ्रॉम अ हॉलिडे.’ येथे ‘बाय’च्या पुढे गोष्ट आहे. तक्त्यातल्या ‘बाय’पुढे नुसते आडनाव असते.

आता विज्ञानाकडे वळू, आणि टेलिफोनच घेऊ. कारण तक्त्यात तो पहिला असतो. योहान फिलिप राइस या जर्मन शिक्षकाने १८६१ साली तारेतून सूर पाठवणारे यंत्र करून दाखवले आणि त्याला ‘टेलिफोन’ हे नावही दिले. अंतोनियो मेउच्ची हा अमेरिकेत स्थायिक झालेला इटालियन गृहस्थ. त्याने १८७१ साली आपल्या ‘बोलत्या तारे’बद्दल पेटंट कचेरीत पूर्वसूचना नोंदवली, पण १८७४ नंतर तिचे नूतनीकरण त्याला करता आले नाही. १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचा अर्ज आणि एलिशा ग्रे याची पूर्वसूचना अशी दोन्ही कागदपत्रे वॉशिंग्टनच्या कचेरीत दाखल झाली. ७ मार्चला बेलला पेटंट मिळाले आणि १० मार्चला त्याच्या यंत्रातून त्याच्या मदतनिसाला पहिले समजण्याजोगे वाक्य ऐकू गेले. पेटंट आधी आणि बोलणे नंतर, हा क्रम मुलांना सांगून पाहा. वर्ग जागा होतो.

पुढे खटले झाले, ते बेलच्या बाजूने लागले. गोष्ट तेथेही संपली नाही. जून २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मेउच्चीच्या कार्याचा गौरव करणारा ठराव केला. दहाच दिवसांत कॅनडाच्या संसदेने बेलच टेलिफोनचा जनक असल्याचा ठराव करून त्याला उत्तर दिले. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही दोन देशांची कायदेमंडळे आपल्या मुलांसारखीच तक्त्यातल्या रेघा जोडत बसली होती!

या साऱ्या हकिगतीतून एक वाक्य निवडून ते निःशंकपणे खरे म्हणायचे असेल तर कोणते? ‘अ पेटंट वॉज ग्रॅन्टेड टु बेल ऑन ७ मार्च १८७६.’ हे खरे आहे. ते पॅसिव्ह आहे. त्यात ‘बाय’ नाही. पेटंट कोणी दिले हे सांगायची गरज नाही, कारण पेटंट कचेरीच देते. ‘द वर्ड टेलिफोन वॉज युज्ड बाय राइस इन १८६१’ हेही खरे आहे, आणि येथे ‘बाय’ला काम आहे. क्रियापद बदलले की वाक्य खरे होऊ लागते, ही या विषयाची किल्ली आहे. ‘इन्व्हेन्ट’ या एकाच शब्दाने पाचही वस्तूंना बांधल्यामुळे शब्दसंग्रह वाढत नाही, आखडतो. डिझाइन, बिल्ड, टेस्ट, पेटंट, इम्प्रूव्ह, मॅन्युफॅक्चर, सेल, रिपेअर ही क्रियापदे शोधाच्या खऱ्या कहाणीतली आहेत. त्यांची तिसरी रूपेही एकसारखी नाहीत, त्यामुळे व्याकरणाचा सरावही खरा होतो.

वाफेच्या इंजिनाचे उदाहरण तर फारच सोपे. टॉमस न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून खाणींतले पाणी उपसत होते. जेम्स वॅटचा जन्म १७३६ चा. ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे छोटे प्रतिरूप दुरुस्तीसाठी वॅटकडे आले, तेव्हा दर फेऱ्याला सिलिंडर तापवण्यात आणि थंड करण्यात किती वाफ फुकट जाते हे त्याच्या ध्यानात आले; त्यातून वेगळ्या संघनकाची कल्पना निघाली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट. एवढी माहिती मिळाल्यावर मुलगा आपणहून ‘इन्व्हेन्टेड’ खोडतो आणि ‘इम्प्रूव्ह्ड’ लिहितो. त्या खोडण्यात इतिहास आहे, भौतिकी आहे आणि इंग्रजीही आहे. विजेच्या दिव्याबद्दल येथे इतकेच म्हणतो की एडिसनच्या जोडीला इंग्लंडच्या जोसेफ स्वानचे नाव असल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. दोघांनी मिळून १८८३ साली कंपनीच काढली होती. आणि हवा काढून घेणारा पाऱ्याचा चांगला पंप आधी तयार नसता तर दोघांच्याही काचेच्या फुग्यांत तंतू क्षणभर चमकून जळून गेले असते.

येथे काही वाचक म्हणतील, तक्त्यात परदेशी नावे आहेत हाच दोष आहे. मार्कोनीच्या जागी जगदीशचंद्र बोस घाला. बोस यांचे काम फार मोठे आहे. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी तारेविना विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी पारा वापरणाऱ्या ग्राहकाचे वर्णन केले, आणि डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकताना मार्कोनीने जो ग्राहक वापरला तो याच घडणीचा होता, असे १९९८ साली एका भारतीय वंशाच्या अभियंत्याने कागदपत्रांनिशी मांडले. पण म्हणून ‘द रेडिओ वॉज इन्व्हेन्टेड बाय बोस’ हे वाक्य बरोबर होत नाही. हर्ट्‌झने १८८७–८८ मध्ये लहरी दाखवल्या, लॉजने सुसंवादनाचे तंत्र मांडले, मार्कोनीने सारे जुळवून दूरवरची संदेशसेवा उभी केली. नाव बदलून तक्ता सुधारत नाही. एका रेघेचे टोक दुसरीकडे सरकते एवढेच. ‘झीरो वॉज इन्व्हेन्टेड बाय आर्यभट’ या आपल्याकडच्या लाडक्या वाक्याचेही तेच. शून्यासह गणित करण्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिले हे निश्चित सांगता येते. शून्य कोणा एकाने एके दिवशी ‘शोधले’ असे म्हणता येत नाही.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी घराघरांत आहे. तिला त्या काळचा विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही. पण व्याकरणाच्या शिक्षकाला ती सोन्यासारखी आहे, कारण ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगण्याची सोय इंग्रजीने पॅसिव्हमध्येच केली आहे. ‘अ फ्लाइंग मशीन इज सेड टु हॅव बीन फ्लोन ॲट चौपाटी.’ ‘इज सेड’ म्हणजे ‘म्हणतात’. मी म्हणत नाही, सिद्ध झाले असेही नाही. नववी-दहावीच्या मुलांनी ‘वॉज फ्लोन’ आणि ‘इज सेड टु हॅव बीन फ्लोन’ यांतले अंतर ओळखले, तर विज्ञानाच्या तासाचे निम्मे काम इंग्रजीच्या शिक्षकाने करून ठेवले असे होईल.

आता आपल्या भाषेकडे. मराठी मुलाला पॅसिव्ह अवघड का जातो याचे निदान मार्गदर्शकांतून सहसा केलेले नसते. ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ असे एका ओळीत सांगून पुढे जातात. ते खरे नाही. ‘मुलीने पत्र लिहिले’, ‘मुलीने चिठ्ठी लिहिली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलले, म्हणून आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पण यात मुलगी कोठेही मागे गेलेली नाही. ती पहिल्या जागेवर ठाम उभी आहे. इंग्रजीत याचे भाषांतर ‘द गर्ल रोट अ लेटर’ असे साधे ॲक्टिव्हच होते. ‘बेलने टेलिफोनचा शोध लावला’ हेही मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह. ज्या मुलाने मराठीच्या तासाला हे वाक्य ‘कर्मणी’ म्हणून ओळखले आणि गुण मिळवले, तोच पुढच्या तासाला ते पॅसिव्ह म्हणून ओळखतो आणि गुण गमावतो. चूक त्याची कशी म्हणावी?

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी ‘रावण रामाकडून मारला गेला’ अशी रचना आपल्या शालेय व्याकरणांत नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी या नावाने आहे. पण बोलताना आपण ती क्वचितच वापरतो. ‘टेलिफोन बेलकडून शोधला गेला’ असे कोणाची आई म्हणते? ‘बाय’ला ‘कडून’ आणि ‘वॉज’ला ‘गेला’ असे ठोकळे बसवून मुले मराठीही बिघडवतात. सरकारी परिपत्रकांतून ‘शाळांकडून माहिती सादर केली जावी’ असली भाषा येते, तिचे मूळ कोठे आहे ते यावरून कळेल.

आणि तरीही आपल्या भाषेत एक सुंदर सोय आहे, जिच्याकडे आपण लक्ष देत नाही. शोध ‘लावला’ आणि शोध ‘लागला’. पहिल्यात लावणारा हवा, दुसऱ्यात नको. ‘पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला’ हे वाक्य कर्त्यावाचून पूर्ण आहे, अस्सल मराठी आहे, आणि इंग्रजीत त्याला ‘वॉज डिस्कव्हर्ड’ असेच म्हणावे लागते. पॅसिव्हचा पूल बांधायचा तर तो ‘लावला’पासून नव्हे, ‘लागला’पासून बांधावा. मात्र या पुलावर एक खड्डा आहे. ‘लागला’ एकच शब्द असल्यामुळे मुले ‘पेनिसिलिन डिस्कव्हर्ड इन १९२८’ असे लिहितात, ‘वॉज’ गाळतात. उलट ‘अपघात झाला’चे ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ करतात, कारण एकदा ‘वॉज’ शिकला की तो सगळीकडे लावायचा. यावर उपाय एक प्रश्न: ही गोष्ट आपोआप घडते की कोणीतरी करावी लागते? अपघात घडतो, तेथे ‘वॉज’ नाही. पेनिसिलिन कोणाला तरी दिसावे लागते, ते स्वतः काही डिस्कव्हर करत नाही; तेथे ‘वॉज’ हवा. नाव सांगा की न सांगा, करणारा कोठेतरी आहे, एवढी जाणीव ‘वॉज’ देतो.

‘शोध’ या शब्दाचाही घोळ आहे. जे आधीच होते पण माहीत नव्हते आणि जे नव्हतेच पण कोणी घडवले, या दोन्हींना आपण शोधच म्हणतो. म्हणून उत्तरपत्रिकांत ‘ग्रॅव्हिटी वॉज इन्व्हेन्टेड बाय न्यूटन’ सापडते. हसण्याआधी आपण ‘डिस्कव्हर’ आणि ‘इन्व्हेन्ट’ हा भेद मराठीत समजावला होता का, ते आठवावे. बुरशीत पेनिसिलिन होतेच. ते डिस्कव्हर झाले. इंजेक्शनच्या बाटलीतले औषध नव्हते. ते बनवावे लागले.

त्या बनवण्याच्या गोष्टीवरच माझ्या मते पॅसिव्हचा सर्वांत चांगला पाठ होऊ शकतो. म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले दिसले. त्याने १९२९ मध्ये लेख लिहिला; पण तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करणे त्याला जमले नाही. दहा वर्षे गोष्ट जवळजवळ तेथेच राहिली. मग ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ती उचलली. युद्धाचा काळ, साधने नाहीत, म्हणून बुरशी वाढवायला रुग्णांची शौचाची भांडी वापरली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचले, त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते, औषध दिलेले जिवंत होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने मरणाच्या दारी पोचलेल्या एका पोलिसाला ते टोचले. तो सुधारू लागला. पण साठा इतका थोडा, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच पुन्हा द्यावे लागले. अखेर साठा संपला आणि मार्चमध्ये तो माणूस दगावला. त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. पिओरिया येथील शेतकी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातले टाकाऊ पाणी बुरशीला मानवते असे दिसले. अधिक उत्पादक बुरशी १९४३ मध्ये एका सडक्या खरबुजावर मिळाली. मोठमोठ्या टाक्यांत ती वाढवण्याचे तंत्र बसले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले. हीटलीला नाही, एक पारितोषिक तिघांपलीकडे वाटले जात नाही. ऑक्सफर्डने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९९० साली. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आता हीच गोष्ट फळ्यावर: ‘पेनिसिलिन वॉज डिस्कव्हर्ड इन लंडन इन १९२८. इट वॉज नॉट प्युरिफाइड देअर. इन १९४० इट वॉज टेस्टेड ऑन माइस ॲट ऑक्सफर्ड. द मोल्ड वॉज ग्रोन इन बेडपॅन्स. अ ईअर लेटर द ड्रग वॉज गिव्हन टु अ पोलिसमन. अ बेटर मोल्ड वॉज फाउंड ऑन अ मेलन. इट वॉज ग्रोन इन ह्यूज टँक्स. इन १९५५ पेनिसिलिन वॉज मेड ॲट पिंपरी.’ आठ वाक्ये, आठही पॅसिव्ह, ‘बाय’ एकदाही नाही, आणि कोणत्याही वाक्यात कर्त्यावाचून अडल्यासारखे वाटत नाही. डिस्कव्हर, प्युरिफाय, टेस्ट, ग्रो, गिव्ह, फाइंड, मेक ही सात क्रियापदे आली, त्यांतली चार अनियमित. शेवटी वर्गाला विचारावे: यांतल्या कोणत्या वाक्यात तुम्हाला ‘बाय’ घालावेसे वाटते, आणि का? हीटलीचे नाव घालावे असे म्हणणारी मुले निघतात. ती ‘द मोल्ड वॉज ग्रोन इन बेडपॅन्स बाय हीटली, हू डिड नॉट गेट द प्राइझ’ असे लिहू लागली, की त्यांना ‘बाय’ कळला असे समजावे.

तक्त्याचा आणखी एक दोष आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘बाय’च्या पुढे नाव येते ते गौरवाच्या वेळी. नुकसानीच्या वेळी तोच पॅसिव्ह नाव गिळून बसतो. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांना, टॉमस मिजली त्यांतला प्रमुख, असे आढळले की टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये घातले तर इंजिनातले ठोके बंद होतात. १९२३ मध्ये असे पेट्रोल विकू लागले. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. शिसे विषारी आहे हे त्याआधी शतकानुशतके माहीत होते. भारतात हे पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ मध्ये. मधल्या काळात जगभरातल्या रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तात शिसे गेले. आपली पुस्तके याबद्दल काय लिहितात? ‘लेड वॉज ॲडेड टु पेट्रोल.’ बस. येथे ‘बाय हूम’ हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारण्याची सवय ज्या प्रकरणात लागायची त्याच प्रकरणात आपण मुलांना फक्त कौतुकाची नावे भरायला लावतो. मिजलीचे नाव कोणत्याही तक्त्यात मी पाहिलेले नाही. प्रशीतकातल्या क्लोरोफ्लुओरोकार्बनच्या मागेही तोच होता हे कळल्यावर तर मुलांचे कुतूहल आवरत नाही.

परीक्षेचे काय, असा आक्षेप येईल. ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न येतो तोवर ‘बाय’ लिहिण्याचा सराव द्यावाच लागेल. द्यावा, त्याला दोन तास पुरतात. आठवडाभर तो चालवण्याची गरज नाही. त्या वाक्यांतही ‘बाय’पासून पुढचा भाग पेन्सिलीने कंसात घालायला सांगावा आणि कंस काढला तर काय हरवते ते समासात एका शब्दात लिहायला लावावे. ‘द विंडो वॉज ब्रोकन (बाय समवन)’ पुढे मुले ‘काही नाही’ असे लिहितात, आणि ते बरोबर आहे.

उरलेल्या तासांत वर्ग बाहेर न्यावा. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या भागांत साखर कारखाना बहुतेक शाळांपासून सायकलच्या अंतरावर आहे. साखर बनते कशी, हे वर्तमानकाळातल्या पॅसिव्हमध्ये लिहायला सांगावे. ऊस वजन होतो, चिरडला जातो, रसात चुन्याची निवळी मिसळतात, गंधकाचा धूर सोडतात, रस तापवतात, गाळतात, आटवतात, खडे जमले की गरगर फिरणाऱ्या यंत्रात मळी वेगळी करतात, पोती भरतात. ‘द केन इज वेड. इट इज क्रश्ड. लाइम इज ॲडेड टु द ज्यूस.’ पहिल्या वाक्यापासून शेवटच्या पोत्यापर्यंत ‘बाय’ लागत नाही, कारण यंत्रावर कोण उभा आहे याने साखर बदलत नाही. फक्त सुरुवातीला, कारखान्याच्या फाटकाबाहेर, एक वाक्य राहून गेलेले असते: ‘द केन इज कट.’ त्याच्यापुढे मुलांनी ‘बाय’ लिहावा आणि मग गाड्यांच्या तळावर जाऊन, बीडहून आलेल्या माणसांना विचारून, ते वाक्य पुरे करावे.